नॅशनल पार्कातला शिलोंडा ट्रेल : धबधबा छोटाच आहे, पण त्याच्यामागे अख्खी नदी आहे

जून संपत आला की मुंबईकरांच्या फोनवर एकच विषय फिरायला लागतो. धबधबा. कुणीतरी रील टाकतं, खाली चारशे कमेंट येतात, "लोकेशन प्लीज". मग कुणीतरी उत्तर देतं, "बोरिवली, नॅशनल पार्क, शिलोंडा". झालं. पुढच्या रविवारी मंडळी सकाळी सात वाजता गेटवर हजर. त्यातल्या निम्म्यांना गेटवर कळतं की असं उठून सरळ शिलोंड्याला जाता येत नाही. उरलेल्या निम्म्यांना तिथं पोचल्यावर कळतं की रीलमधला धबधबा प्रत्यक्षात आपल्या डोक्याएवढाच उंच आहे.

दोघंही थोडे नाराज होतात. खरं तर नाराज व्हायचं कारण नाही. हा छोटा धबधबा नीट समजून घेतला, तर मुंबईला पाणी कुठून मिळालं, पूर कुठून येतो आणि शहराच्या मधोमध एवढं जंगल शिल्लक कसं राहिलं, या तिन्ही गोष्टी एका सकाळीत कळतात. आणि जीव वाचवणारी एक गोष्ट कळते ती वेगळीच.

आधी जागा कुठली ते बघू.

संजय गांधी राष्ट्रीय उद्यान म्हणजे आपलं बोरिवलीचं नॅशनल पार्क. साधारण 103 चौरस किलोमीटरचं हे जंगल मुंबई उपनगर आणि ठाणे अशा दोन जिल्ह्यांत पसरलंय. एका अंगाला बोरिवली-दहिसर, दुसऱ्या अंगाला ठाणे, मुलुंड. पश्चिम द्रुतगती महामार्गावरून आत शिरलं की सुरुवातीला बाग, बोटिंग, सफारी वगैरे पिकनिकचा भाग लागतो. बहुतेक लोकांचं नॅशनल पार्क इथंच संपतं. डांबरी रस्ता पुढे कान्हेरी लेण्यांकडे जातो, गेटपासून साधारण सहा-सात किलोमीटर. शिलोंडा या रस्त्याच्या बाजूच्या जंगलात आहे. वाट ओढ्याच्या सोबतीनं जाते आणि हा ओढा म्हणजेच दहिसर नदी. हो, तीच दहिसर नदी, जिला आपण महामार्गावरून जाताना नाला समजतो.

चालायला वाट सोपी आहे. किल्ल्यावर चढल्यासारखा दम लागत नाही. सकाळी जाऊन दुपारच्या जेवणाला घरी येता येतं. शाळकरी पोरं चालतात, पन्नाशीतले काका-काकू चालतात. दर दहा मिनिटांनी "दादा, अजून किती लांब?" असं विचारणारे एकदोन जण प्रत्येक ग्रुपमध्ये असतातच, तेही चालतात. त्रास फक्त ओल्या दगडांचा. पावसाळ्यात कातळावर शेवाळ धरतं आणि गुळगुळीत तळाचे स्पोर्ट्स शूज त्यावर साबणासारखे सरकतात. खाचा असलेल्या तळाचे बूट घालायचे. चपला, क्रॉक्स घरी.

वाटेत बघण्यासारखं इतकं असतं की धबधबा ही फक्त शेवटची गोष्ट होते. पाऊस स्थिरावला की झाडांच्या सावलीत पेवची पांढरी फुलं दिसतात, पावसाच्या उत्तरार्धात उघड्या जागी तेरड्याचे गुलाबी पट्टे उठतात. कारवी सगळीकडे आहे, पण ती फुललेली बघायची तर धीर धरावा लागेल. ती आठ वर्षांतून एकदाच फुलते. इथं 2016 मध्ये फुलली, मग 2024 मध्ये. पुढचा हिशेब तुम्हीच करा. ओढ्याजवळ पहाटे कुणीतरी शीळ घालतंय, तेही सूर चुकत-चुकत, असं वाटलं तर मागे वळून मित्राकडे बघू नका. तो शीळकरी कस्तूर असतो. निळसर काळा, ओढ्याकाठच्या कपारीत राहणारा पक्षी. आणि ओढ्याकाठची फांदी आधाराला धरण्याआधी एकदा नीट बघा. पावसाळ्यात चापडा नावाचा हिरवा विषारी साप अशाच फांद्यांवर तासन्‌तास न हलता बसलेला असतो. तो अंगावर येत नाही. आपणच त्याच्यावर हात ठेवतो.

मग येतो धबधबा. "धबधबा" म्हणताना दूधसागर डोळ्यांसमोर आणू नका. इथं कातळाच्या पायऱ्या आहेत. पाणी एका पायरीवरून दुसरीवर उतरतं, मध्ये खळग्यात साठतं, पुन्हा उतरतं. कुठं गुडघ्याएवढी उडी, कुठं माणसाएवढी. मुळात या पायऱ्या आल्या कुठून, हे बघण्यासारखं आहे.

सह्याद्रीसारखाच हा भागही ज्वालामुखीच्या खडकाचा आहे. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचले. सगळे थर सारखे टणक नसतात. काही घट्ट, काही ठिसूळ, काही नुसतेच तडकलेले. वाहतं पाणी ठिसूळ भाग आधी खातं, टणक भाग मागे राहतो आणि पायरी तयार होते. पायरीवरून पाणी पडलं की खाली खळगा होतो, खळग्यात अडकलेले गोटे पाण्यासोबत गरागरा फिरून तो आणखी खोल करतात. अहिल्यानगर जिल्ह्यात निघोजला कुकडी नदीतले रांजणखळगे बघितले असतील, तर हीच गोष्ट तिथं मोठ्या प्रमाणावर दिसते.

याचा व्यवहारातला अर्थ असा की ओढ्यातल्या डोहाची खोली वरून कळत नाही. कडेला घोट्याएवढं पाणी असतं आणि एक पाऊल पुढे छातीएवढं. पोहता येणारा माणूसही तिथं गडबडतो, कारण पायाखाली शेवाळ असतं आणि धरायला काही नसतं.

पण खरा धोका खोलीचा नाही. तो वेळेचा आहे.

आपल्याला वाटतं मोठा धबधबा धोकादायक, छोटा सुरक्षित. पाण्याच्या बाबतीत एका ठिकाणी हे उलटं आहे. गोदावरीसारख्या मोठ्या नदीत पूर यायचा तर वरच्या भागात पाऊस पडावा लागतो, धरणं भरावी लागतात, पाणी सोडावं लागतं, ते वाहत यावं लागतं. यात कितीतरी तास जातात आणि तेवढ्यात गावाला इशारा देता येतो. छोट्या ओढ्याचं तसं नसतं. त्याचं पाणलोट क्षेत्र, म्हणजे ज्या जमिनीवरचा पाऊस त्या ओढ्यात येतो ती जमीन, लहान आणि उताराची असते. वरच्या डोंगरावर सर कोसळली की पाणी थोड्याच वेळात खाली हजर. अंतरच तेवढं कमी आहे.

जरा आकडेमोड करू. समजा, एका ओढ्याचं पाणलोट दोन चौरस किलोमीटर आहे. म्हणजे फार मोठं नाही. एका चौरस किलोमीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की पाणी होतं दहा लाख लिटर. आता तासाभरात 40 मिलिमीटरची सर आली. मुंबईच्या जुलैमध्ये यात नवल काहीच नाही. दोन चौरस किलोमीटरवर मिळून झालं आठ कोटी लिटर. त्यातलं निम्मं जंगलानं आणि मातीनं धरून ठेवलं असं मानलं, तरी चार कोटी लिटर त्या तासात ओढ्यातून जाणार. सेकंदाचा हिशेब केला तर अकरा हजार लिटरच्या वर. सोसायटीत पाण्याचा मोठा टँकर येतो तो साधारण दहा हजार लिटरचा असतो. म्हणजे तुम्ही उभे आहात त्या पायरीवरून दर सेकंदाला एक टँकर रिकामा होतोय. पाच मिनिटांपूर्वी तिथं पोरं पाय बुडवून बसली होती.

शिवाय पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा धक्का दुप्पट होत नाही, चौपट होतो. गुडघ्याएवढ्या पाण्यात माणूस वाहून कसा जातो, हा प्रश्न प्रत्येक दुर्घटनेनंतर कमेंटमध्ये विचारला जातो. त्याचं उत्तर हे आहे.

30 जून 2024 ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या परिसरात असंच झालं. एकाच कुटुंबातले पाच जण धबधब्याच्या प्रवाहात वाहून गेले. सगळे एकमेकांना धरून मधल्या खडकावर उभे असल्याचा तो व्हिडीओ तुमच्याही फोनवर आला असेल. अनेकांनी तेव्हा लिहिलं, "एवढा वेळ होता तर बाहेर का आले नाहीत?" वेळ नव्हताच. व्हिडीओ सुरू झाला तेव्हाच दोन्ही बाजूंची वाट बंद झालेली होती. जे करायचं ते त्याच्या आधीच करायला हवं होतं, आणि तेव्हा पाणी अगदी साधं दिसत होतं.

मग आधी कळायचं कसं? ओढा सांगतो, आपलं लक्ष असलं तर. स्वच्छ पाणी अचानक गढूळ होतं. पाण्यासोबत सुकी पानं, काटक्या, फेस यायला लागतो, म्हणजे वरचे काठ धुऊन पाणी येतंय. आवाज बदलतो. मघापर्यंतची खळखळ जड, घोगरी होते. मघाशी कोरडा असलेला दगड ओला दिसतो. यातलं एक जरी दिसलं तरी बॅग घ्यायलासुद्धा न थांबता काठावर, तोही उंच काठावर चढायचं. आणि ज्या काठावरून घरची वाट जाते, त्याच काठावर. पलीकडे गेलात तर पाणी उतरेपर्यंत तिथंच बसावं लागेल. तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी हे सगळं होऊ शकतं, कारण पाऊस तुमच्यावर पडायची गरजच नाही. तो वरच्या डोंगरावर पडला की पुरतो. उद्यानातलं सगळ्यात उंच टोक साधारण 468 मीटरचं आहे आणि तिथल्या ढगाचा आपल्या डोक्यावरच्या उन्हाशी काही संबंध नसतो.

शिलोंड्याला आधी बुकिंग आणि सोबत मार्गदर्शक का लागतो, ते आता लक्षात आलं असेल. हा भाग पिकनिकच्या पट्ट्याबाहेर आहे. वनखात्याच्या परवानगीनं, ठरलेल्या वेळी, ग्रुपनं जायचं असतं. चौकशी उद्यानातल्या निसर्ग माहिती केंद्रात होते. फी आणि तारखा बदलत असतात, त्यामुळे कुणाच्या दोन वर्षांपूर्वीच्या पोस्टवर विसंबून निघू नका. सोमवारी उद्यान बंद असतं, हेही पुष्कळांना गेटवर कळतं. मुसळधार पावसाचा इशारा असेल तर ट्रेल रद्द होतो. मग चिडचिड होते, कळतं मला, रविवार गेलेला असतो. पण वरचं टँकरचं गणित आठवा.

बाजूच्या कुंपणातून, पाड्याजवळच्या चोरवाटेनं आत शिरणारे काही वीर असतात. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा आहे आणि राष्ट्रीय उद्यानात विनापरवानगी शिरणं त्यानुसार गुन्हा आहे. पण मला कायद्यापेक्षा दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. परवानगीनं गेलात तर तुम्ही आत आहात हे कुणालातरी माहीत असतं. चोरून गेलात तर संध्याकाळी आई फोन करायला लागेपर्यंत कुणालाच माहीत नसतं.

"आणि बिबट्या?" हा प्रश्न राहिलाच. बिबटे आहेत. 2015 च्या कॅमेरा ट्रॅप अभ्यासात या जंगलात आणि आजूबाजूला 35 बिबटे नोंदले गेले होते. एवढ्या दाट वस्तीला खेटून इतके बिबटे जगात फार कमी ठिकाणी असतील. तुम्ही दिवसा, ग्रुपनं, बोलत चालत असाल तर तो तुम्हाला बघून केव्हाच निघून गेलेला असतो. पोरांना मध्ये ठेवा, एकट्यानं मागे रेंगाळू नका, अंधाराच्या आत बाहेर पडा. इथल्या पाड्यांवर राहणारे वारली लोक वाघोबाला देव मानून पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या शेजारी राहताहेत. आपल्याला तर फक्त चार तास काढायचेत. खरं सांगायचं तर या वाटेवर बिबट्यापेक्षा शेवाळाची भीती बाळगणं जास्त शहाणपणाचं.

आता जरा मागे जाऊ, कारण पाण्याची गोष्ट अजून अर्धीच झालीय.

हा ओढा जुलैत गर्जतो आणि उन्हाळ्यात जवळपास कोरडा पडतो. मुंबईत वर्षाचा जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबरात पडून जातो. काळ्या कातळात पाणी फार मुरत नाही. जे थोडं धरून ठेवलं जातं ते जंगलाच्या मातीत, पालापाचोळ्यात, झाडांच्या मुळांशी. तेच पाणी पाऊस थांबल्यावर हळूहळू झिरपत ओढ्यात येतं आणि त्याला हिवाळ्यापर्यंत जिवंत ठेवतं. म्हणून माझं वैयक्तिक मत विचाराल तर शिलोंड्याला जायची खरी वेळ भर जुलै नव्हे, सप्टेंबरचा शेवट आणि ऑक्टोबर. पाणी असतं, नितळ असतं, फुलपाखरं भरपूर असतात. ब्लू मॉर्मन, म्हणजे 2015 मध्ये महाराष्ट्रानं राज्य फुलपाखरू ठरवलेलं काळं-निळं मोठं फुलपाखरू, ओढ्याकाठी हमखास दिसतं. रील थोडी कमी जोरदार येईल, एवढंच.

चार महिने पाणीच पाणी आणि आठ महिने टंचाई. या अडचणीवर इथंच, याच डोंगरात दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी उत्तर काढलं होतं. कान्हेरीला शंभराहून जास्त लेणी आहेत आणि लोक त्यातलं चैत्यगृह बघून, मूर्तींसोबत फोटो काढून परततात. पुढच्या वेळी लेण्यांच्या बाहेरच्या कातळाकडे बघा. कातळात कोरलेल्या बारीक पन्हाळी दिसतील. त्या डोंगरावरून उतरणारं पावसाचं पाणी खोदलेल्या टाक्यांत नेतात. या टाक्यांना तिथल्या प्राचीन शिलालेखांत पोढी म्हटलंय, आणि अमुक व्यापाऱ्यानं पोढी दान दिली असे लेखच आहेत. लेणं दान करावं तसं पाण्याचं टाकं दान करायचं. पावसाळ्यात वर्षावासासाठी आलेल्या भिक्खूंचा मोठा मठ नंतर बारमाही वसला, त्यामागे या टाक्यांचा वाटा मोठा आहे.

त्यानंतर हाच पाऊस इंग्रजांनी अडवला. बेटावरच्या विहिरी आणि तलाव मुंबईला पुरेनात, तेव्हा 1860 मध्ये विहार तलाव पुरा झाला. मग 1879 मध्ये तुळशी. दोन्ही तलाव आज उद्यानाच्या हद्दीत आहेत. पिण्याच्या पाण्यात घाण उतरू नये म्हणून तलावांभोवतीचं जंगल राखलं गेलं. वाघ-बिबट्यांसाठी म्हणून नाही, नळाच्या पाण्यासाठी. मुंबई चारी बाजूंनी वाढत गेली आणि मधला हा हिरवा तुकडा टिकला, त्याचं एक मोठं कारण हे आहे. आज मुंबईचं बहुतेक पाणी भातसा, वैतरणा या लांबच्या धरणांतून येतं आणि तुळशी हा सात तलावांतला सगळ्यात लहान, पण तो "ओव्हरफ्लो झाला" ही बातमी दरवर्षी येतेच.

राहिली दहिसर नदी. तुळशी तलाव आणि कान्हेरीच्या डोंगरांचा परिसर हे तिचं उगमाकडचं क्षेत्र. तिथून मनोरीच्या खाडीपर्यंत तिची लांबी जेमतेम 12 किलोमीटर. सुरुवातीचे काही किलोमीटर ती जंगलात आहे आणि तिथं तिचं पाणी इतकं नितळ असतं की तळाचे गोटे मोजावेत. उद्यानाची हद्द ओलांडून ती बोरिवली पूर्वेला श्रीकृष्ण नगरात शिरते आणि पहिल्या काही वळणांतच तिचा रंग बदलतो. सांडपाणी, गोठ्यांचं शेण, कचरा. दोन्ही बाजूंना काँक्रीटच्या भिंती. पुढे दौलत नगर, मग रूळ ओलांडून कांदरपाडा, दहिसर गावठाण आणि खाडी.

26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. मिठीचं नाव सगळ्यांना पाठ झालं, पण त्या दिवशी दहिसर नदीकाठच्या वस्त्यांनीही तेच भोगलं. टँकरचं जे गणित आपण धबधब्याच्या पायरीवर केलं, तेच इथं लागू होतं, फक्त इथं पाण्याला पसरायला काठ उरलेले नाहीत. डोंगरातून येणारं पाणी थोडक्या वेळात येतं, नदी आखूड आहे, पात्र अरुंद केलंय, आणि खाली भरती असेल तर खाडी पाणी घेत नाही. मग ते घरात शिरतं.

नंतरच्या वर्षांत दहिसर, पोयसर, ओशिवरा आणि मिठी या चार नद्यांसाठी "रिव्हर मार्च" ही नागरिकांची चळवळ उभी राहिली. 2018 मध्ये "मुंबई रिव्हर अँथम" नावाचं गाणं आलं होतं, तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस त्यात दिसले होते आणि त्यावर मीम्सही भरपूर झाले, ते याच मोहिमेतलं. मीम्स लक्षात राहिले, नद्यांची नावं मात्र आजही पुष्कळांना सांगता येत नाहीत.

शिलोंड्याला जाताना पाण्याची बाटली भरून न्या, रिकामी बाटली परत आणा. वेफर्सची पाकिटंही. ओढ्यात टाकलेलं पाकीट पहिल्या मोठ्या सरीत खाली जातं आणि त्याचा पत्ता श्रीकृष्ण नगर असतो. साबण, शाम्पू लावून धबधब्याखाली अंघोळ करणारे महाभागही असतात, त्यांना मार्गदर्शक ओरडतात ते यासाठीच. रेनकोट चालेल, छत्री नको, हात मोकळे हवेत. फोनला प्लास्टिकची पिशवी. आणि वनखात्याचा माणूस "पाण्यातून बाहेर या" म्हणाला तर "एकच फोटो" न म्हणता बाहेर यायचं.

परतताना विरारकडची लोकल पकडलीत तर दारात उभं राहून बघा. बोरिवली सुटल्यावर, दहिसर यायच्या जरा आधी गाडी एका छोट्या पुलावरून जाते. खाली भिंतींच्या मधून काळपट पाणी वाहत असतं. तासा-दोन तासांपूर्वी तुम्ही त्यातच पाय बुडवून बसला होतात.